मूडल ४.५: विद्यापीठाने घ्यावी अशी आवृत्ती, फक्त परीक्षेच्या तोंडावर नको

२०२० मध्ये ऑनलाइन वर्ग सुरू करायचेच म्हणून घाईने बसवलेलं मूडल (अभ्यासक्रम आणि परीक्षा ऑनलाइन चालवायचं सॉफ्टवेअर) जिथे अजून ३.९ वर अडकलंय, किंवा नंतर कधीतरी ४.१ पर्यंत येऊन थांबलंय, अशा विद्यापीठांच्या आणि मोठ्या महाविद्यालयांच्या आयटी विभागासाठी, आणि त्यावर रोज शिकवणाऱ्या प्राध्यापकांसाठी हे परीक्षण आहे. मत आधीच सांगून टाकतो. ४.५ घ्या. घेण्यासारखीच आवृत्ती आहे. पण तिच्या जाहिरातीत ज्या गोष्टी पुढे केल्या जातात त्यांच्यासाठी नव्हे, आणि सेमिस्टर चालू असताना तर नव्हेच.

मूडल फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे. मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात पर्थला सुरू केलेल्या या प्रकल्पाची १.० आवृत्ती ऑगस्ट २००२ मध्ये आली. इंग्लंडचं ओपन युनिव्हर्सिटी ते वापरतं, आपल्याकडे आयआयटी मुंबई वापरते. त्यामुळे ते चालेल का, हा प्रश्न उरलेला नाही. आपल्या सर्व्हरवर, आपल्या मनुष्यबळात ते नीट चालवता येईल का, हा खरा प्रश्न आहे. पैसे सॉफ्टवेअरला लागत नाहीत. ते सर्व्हरला लागतात आणि त्याच्याकडे रोज बघणाऱ्या माणसाला लागतात. हा दुसरा खर्च अंदाजपत्रकात धरलेला नसेल तर पुढचं काहीच साधणार नाही.

४.५ का, तर ती दीर्घ मुदतीची आवृत्ती आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आली आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तिला ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. ३.९ च्या दुरुस्त्या डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, ४.१ च्या डिसेंबर २०२५ मध्ये. म्हणजे आज ४.१ वर असलेल्या साइटमध्ये नवं भगदाड सापडलं तर ते बुजवायला कुणी येणार नाही, आणि त्याच साइटवर मुलांचे फोन नंबर, गुण आणि सबमिशन पडलेले आहेत.

आधी पायऱ्या मोजा

३.९ वरून ४.५ वर थेट उडी मारता येत नाही. ४.५ ला खालची आवृत्ती किमान ४.१.२ लागते. म्हणून ३.९ किंवा ३.११ वाल्यांनी आधी ४.१ च्या शेवटच्या उपआवृत्तीवर यायचं, मग ४.५. इथेच पीएचपीचा, म्हणजे मूडल ज्या भाषेत लिहिलंय तिच्या आवृत्तीचा, पेच पडतो आणि बहुतेक अपग्रेड इथेच अडतात. ३.९ ला पीएचपी ७.४ च्या वर चालत नाही. ४.१ ला ७.४ ते ८.१ चालतं. ४.५ ला ८.१ ते ८.३ लागतं. म्हणजे ३.९ आणि ४.१ यांना सामाईक ७.४ आहे, ४.१ आणि ४.५ यांना सामाईक ८.१ आहे. क्रम असा पडतो: पीएचपी ७.४ ठेवूनच ४.१ करायचं, मग पीएचपी ८.१ करायचं, मग मूडल ४.५.

हेच सर्व्हरवरच्या उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टीमच्या भाषेत सांगायचं तर तिच्या २०.०४ बरोबर ७.४ येतं, २२.०४ बरोबर ८.१, आणि २४.०४ बरोबर ८.३. नवा सर्व्हर आला म्हणून उत्साहाने त्यावर थेट २४.०४ टाकलं आणि जुनं ४.१ तिथे नेलं, की ते चालत नाही. मग दोष मूडलला दिला जातो. २२.०४ हा मधला पूल आहे. तिथे ४.१ चालतं, तिथेच ४.५ करता येतं, आणि नंतर सवडीने २४.०४ वर जाता येतं.

डेटाबेसचंही बघून ठेवा. ४.५ ला मायएसक्यूएल ८.०, मारियाडीबी १०.६.७ किंवा पोस्टग्रेस १३ लागतं, किंवा त्यापुढचं. उबुंटू २०.०४ सोबत आलेलं मारियाडीबी १०.३ आहे, ते पुरणार नाही. पीएचपीचं सोडियम एक्स्टेन्शन आता सक्तीचं आहे, आणि ‘मॅक्स इनपुट व्हार्स’ ५००० हवं, जे मुळात १००० असतं. हे सगळं मूडल स्वतःच तपासून देतं. ‘सर्व्हर’ खालच्या ‘एन्व्हायर्नमेंट’ पानावर जाऊन ४.५ निवडा, जे कमी आहे ते लाल दिसेल. ते पान हिरवं झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका.

मग प्लगिन, म्हणजे मूडलला जोडलेले जादा भाग. ‘प्लगिन्स ओव्हरव्ह्यू’ मध्ये ‘अ‍ॅडिशनल’ निवडलं की बाहेरून आणलेली सगळी यादी समोर येते. एकेकाची ४.५ साठी आवृत्ती निघाली आहे का ते मूडलच्या प्लगिन निर्देशिकेत बघावं लागतं. जुनी साइट असेल तर यादीत असं एखादं प्लगिन हमखास निघतं जे आता कुणीच सांभाळत नाही: हजेरीचं एखादं, कुठल्यातरी जुन्या थीमचा उरलेला ब्लॉक, कुणीतरी प्रयोग म्हणून टाकलेला कोर्स फॉरमॅट. ब्लॉक काढला तर फारसं बिघडत नाही. कोर्स फॉरमॅट काढताना मात्र आधी तो वापरणारे कोर्स शोधून त्यांना ‘टॉपिक्स’ वर आणा, नाहीतर कोर्सचं पान उघडताना गोंधळ होतो. थीम हा सगळ्यात मोठा अडथळा. ४.० मध्ये पानाची रचनाच बदलली, त्यामुळे ३.९ साठी पैसे देऊन करून घेतलेली थीम ४.५ वर तशीच नेता येत नाही. ‘बूस्ट’ ही मूळ थीम घ्या, विद्यापीठाचा लोगो आणि रंग भरा, एवढ्यावर काम भागतं.

रंगीत तालीम आणि प्रत्यक्ष दिवस

चालू साइटची पूर्ण प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून तिच्यावर आधी अपग्रेड करून बघणं, हे टाळता येणारं काम नाही. प्रत करताना कॉन्फिग फाइलमधला पत्ता बदलायचा हे सगळ्यांना आठवतं. विसरतं ते दुसरं: त्याच फाइलमध्ये ‘नो ईमेल एव्हर’ ही ओळ चालू करणं. ती न टाकता प्रतीवर क्रॉन (ठरलेली कामं आपोआप चालवणारी सोय) सुरू झालं, की प्रतीतून खऱ्या मुलांना खऱ्या मेल जातात, जुन्या सूचनांसकट, आणि मग दिवसभर कार्यालयाचा फोन वाजत राहतो.

तालमीत वेळ मोजा. ३.x वरून ४.x वर जाताना प्रश्नपेढीची मांडणी बदलते, प्रत्येक प्रश्नाला आवृत्त्या जोडल्या जातात आणि त्यासाठी जुने प्रश्न नव्या तक्त्यांत हलवले जातात. प्रश्न लाखाच्या घरात असतील तर ही एकच पायरी तासन्‌तास चालू शकते. पडद्यावर काही हलत नाही म्हणून कुणी मध्येच ती बंद पाडली, तर डेटाबेस अर्धा इकडे आणि अर्धा तिकडे राहतो. तिथून परतायला फक्त बॅकअप कामाला येतो. तालमीत किती वेळ लागला ते लिहून ठेवा, म्हणजे खऱ्या दिवशी कुणाचा हात शिवशिवणार नाही.

बॅकअप म्हणजे तीन गोष्टी: डेटाबेस, कोडची फोल्डर आणि मूडलडेटा (चढवलेल्या फाइलींची फोल्डर). मूडलडेटातलं सगळंच उचलायची गरज नसते. कॅश, लोकल कॅश आणि टेम्प सोडून द्या. मोलाची आहे ती ‘फाइलडिर’. तिथे फाइली मूळ नावाने दिसत नाहीत, त्यांच्या मजकुरावरून काढलेल्या सांकेतिक नावाने ठेवलेल्या असतात. त्यामुळे एकच पीडीएफ दहा कोर्समध्ये चढवली तरी डिस्कवर ती एकदाच असते. पण त्याच कारणाने डेटाबेसशिवाय त्या फोल्डरचा काही उपयोग नाही, आणि फोल्डरशिवाय डेटाबेसचा नाही. दोन्ही एकाच वेळचे असले पाहिजेत. म्हणून आधी साइट मेंटेनन्स मोडवर टाका, क्रॉन थांबवा, आणि मगच बॅकअप घ्या.

नवा कोड जुन्या फोल्डरवर पसरू नका. ही चूक फार सर्रास होते. नव्या आवृत्तीत काढून टाकलेल्या फाइली जुन्या फोल्डरात तशाच राहतात आणि मूडल ‘मिक्स्ड मूडल व्हर्जन्स डिटेक्टेड’ असं सांगून थांबतं. जुन्या फोल्डरचं नाव बदला, नवी फोल्डर रिकाम्या जागी उलगडा, तिच्यात जुनी कॉन्फिग फाइल आणि तपासून घेतलेली प्लगिनंच आणा. अपग्रेड ब्राउझरमधून चालवू नका. पान मध्येच टाइमआउट होतं. सर्व्हरवर कमांड लाइनवरून, वेब सर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने चालवा. ते संपल्यावर कॅश साफ करा आणि पीएचपी-एफपीएम पुन्हा सुरू करा. हे शेवटचं राहिलं तर ऑपकॅशमध्ये (पीएचपीने मेमरीत ठेवलेल्या प्रतीत) जुना कोड बसून राहतो आणि अनाकलनीय चुका दिसायला लागतात. क्रॉन परत सुरू करा, ते दर मिनिटाला चाललं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ‘टास्क लॉग्ज’ मध्ये डोकावून कुठलं काम पुन्हा पुन्हा पडतंय का ते बघा.

मिळतं काय

३.९ वरून येणाऱ्यांना पहिला धक्का दिसण्याचा बसेल. डावीकडचा जुना मेनू गेला, त्याच्या जागी कोर्सची अनुक्रमणिका आली. ‘एडिट मोड’ वर उजव्या कोपऱ्यात बटण होऊन बसला. ब्लॉक उजवीकडच्या खणात गेले, तो खण मिटलेला असला की ‘माझं कॅलेंडर गेलं’ अशी तक्रार येते. प्राध्यापकांना पाऊण तासाचं प्रात्यक्षिक द्या, पण त्यांच्याच कोर्सवर द्या. नमुन्याच्या कोर्सवर दिलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

४.५ मधली सगळ्यात कामाची नवी गोष्ट आम्हाला वाटते ती उपविभागांची. आत्तापर्यंत एका युनिटखाली व्याख्यानांच्या पीडीएफ, व्हिडिओ, प्रात्यक्षिकाच्या सूचना, दोन असाइनमेंट आणि एक चाचणी असं सगळं एका लांब पट्ट्यात लोंबायचं, आणि मोबाइलवर मुलं खाली सरकवत राहायची. आता युनिटच्या आत ‘व्याख्यानं’, ‘प्रात्यक्षिक’, ‘अंतर्गत मूल्यमापन’ असे खण करता येतात. मिटवता येतात, उघडता येतात, एका तारखेआधी दिसू नयेत असं बंधन घालता येतं. मर्यादा एकच: उपविभागाच्या आत आणखी उपविभाग होत नाही. पर्याय दिसत नसेल तर ‘मॅनेज अ‍ॅक्टिव्हिटीज’ मध्ये जाऊन तो चालू आहे का बघा. बाहेरून आणलेला कोर्स फॉरमॅट असेल तर त्यात तो नीट उमटतो का, हेही तालमीतच कळेल.

असाइनमेंटची आठवण आता आपोआप जाते, मुदतीच्या सात दिवस आणि अठ्ठेचाळीस तास आधी, आणि मुदत उलटल्यावरही. ही सोय खरोखर चांगली आहे. फक्त ती चालू करण्याआधी मेल कुठून जाते ते बघून घ्या. अनेक ठिकाणी मूडल विद्यापीठाच्या गूगल खात्यातून मेल पाठवतं, आणि गूगल वर्कस्पेसच्या एका खात्याला दिवसाला २००० मेलची मर्यादा असते. साध्या जीमेलला ५००. चार हजार मुलं, प्रत्येकी तीन असाइनमेंट असा हिशोब केला की दुपारपर्यंत ते खातं अडकतं, आणि मग त्याच खात्यातून जाणारा ‘पासवर्ड विसरलो’ वाला मेलही जात नाही. एकतर स्वतंत्र मेल सेवा घ्या, नाहीतर आठवणी मेलऐवजी फक्त मूडलमधल्या घंटेवर ठेवा. जाता जाता फोरमबद्दल एक. फोरमवर टाकलेल्या सूचनेची मेल लगेच जात नाही, दुरुस्तीसाठी ठेवलेली ३० मिनिटं उलटल्यावर जाते. ‘मेल बिघडलंय’ अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ हे निघतं.

प्रश्नाच्या आवृत्त्या ही ४.० पासूनची गोष्ट, पण ३.९ वाल्यांना नवी. प्रश्न दुरुस्त केला की जुना पुसला जात नाही, नवी आवृत्ती तयार होते. क्विझमध्ये मुळात ‘नेहमी ताजी आवृत्ती’ असं निवडलेलं असतं. परीक्षा सुरू असताना कुणी प्रश्नपेढीत प्रश्न सुधारला, तर आधी सुरू केलेल्यांना जुना आणि उशिरा सुरू केलेल्यांना नवा प्रश्न येतो. गुणांच्या परीक्षेत हे चालणार नाही. क्विझच्या प्रश्नांच्या पानावर प्रत्येक प्रश्नापुढे आवृत्तीची यादी असते, तिथे आकडा पक्का करून टाका.

द्विस्तरीय लॉगिन ४.३ पासून मूडलमध्येच आहे, आणि ते प्राध्यापकांसाठी लावाच. गुण बदलण्याचा अधिकार असलेलं खातं एका पासवर्डवर सोडणं धोक्याचं आहे. त्याची रचना गुणांची आहे: प्रत्येक पडताळणीला गुण, आणि १०० झाले की आत प्रवेश. मुलांना त्यातून वगळायचं असेल तर ‘रोल’ हा घटक वापरा. त्यात शिक्षक आणि व्यवस्थापक या भूमिका निवडल्या, की ज्यांच्याकडे त्या भूमिका नाहीत त्यांना आपोआप गुण मिळतात. आवारातल्या नेटवर्कसाठी आयपीचा घटकही लावता येतो. सवलतीची मुदत ठेवल्याशिवाय हे चालू करू नका, नाहीतर अ‍ॅडमिनच बाहेर राहतो. तसं झालंच, तर कमांड लाइनवरून हे प्लगिन बंद करता येतं, म्हणजे सर्व्हरची किल्ली कुणाकडे आहे ते आधी माहीत हवं.

एआयचा भाग सगळ्यात जास्त गाजला. ओपनएआय किंवा अझ्युरची किल्ली भरली, की एडिटरमध्ये मजकूर आणि चित्र तयार करून मिळतं, पानाचा गोषवारा मिळतो. काम तो करतो. पण किल्लीचे पैसे वापरावर लागतात, मजकूर बाहेरच्या कंपनीकडे जातो, आणि २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंतर हा निर्णय आयटी विभागाने एकट्याने घ्यायचा राहिलेला नाही. विद्यापीठाचं धोरण ठरेपर्यंत तो बंदच ठेवा. किल्ली भरल्याशिवाय तो चालतही नाही.

बिगब्लूबटन ४.० पासून मूडलसोबतच येतं, म्हणून ऑनलाइन वर्ग फुकटात झाले असं समजू नका. सोबत मिळणाऱ्या मोफत सर्व्हरवर एका वर्गाला ६० मिनिटं, एका वेळी २५ जण, आणि रेकॉर्डिंग ७ दिवस, अशी मर्यादा आहे. सत्तर मुलांच्या तुकडीला ते पुरत नाही. स्वतःचा सर्व्हर उभारायचा तर १६ जीबी मेमरी आणि ८ कोअर लागतात, आणि फायरवॉलमध्ये यूडीपीचे १६३८४ ते ३२७६८ हे पोर्ट उघडावे लागतात. ‘आवाज येत नाही’ या तक्रारीचं कारण बहुधा हे बंद राहिलेले पोर्ट असतात. मोबाइल अ‍ॅपच्या मोफत योजनेतही पुश सूचना महिन्याला ५० उपकरणांपुरत्याच आहेत, हे मुलांना ‘अ‍ॅपवर सूचना येईल’ असं सांगण्याआधी लक्षात घ्या.

देवनागरीत काय बिघडतं

याबद्दल कुठे सलग लिहिलेलं सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

मुलांची यादी एक्सेलमधून सीएसव्ही करून चढवताना साधं ‘सीएसव्ही’ निवडलं तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. त्याहून वाईट चूक पीआरएनची, म्हणजे मुलाच्या कायम नोंदणी क्रमांकाची. एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच अचूक धरतं. पीआरएन १६ आकडी असेल तर शेवटचा आकडा शून्य होतो, आणि दहा मुलांचा पीआरएन एकसारखा दिसायला लागतो. फाइल सेव्ह झाल्यावर मूळ आकडा परत मिळत नाही. आकडे चिकटवण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ करून ठेवा, आणि चढवण्याआधी फाइल एक्सेलमध्ये पुन्हा उघडू नका, साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघा.

लघुउत्तरी प्रश्न मराठीत तपासताना ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’ घात करतात. समजा उत्तर आहे ‘दुसऱ्या’. यातला अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो: एक, खाली टिंब असलेल्या ‘ऱ’ ला हलन्त जोडून, दुसरा, साध्या ‘र’ ला हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारा जोडक देऊन. कुठला प्रकार उमटेल ते कीबोर्डवर ठरतं. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, मूडलच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. मुलाचं उत्तर बरोबर, गुण शून्य, आणि प्राध्यापकाला कारण दिसतच नाही. उपाय दोन. दोन्ही प्रकारांनी टाइप केलेलं उत्तर स्वतंत्रपणे १०० टक्क्यांवर भरा, किंवा तेवढ्या जागी तारांकन वापरून ‘दुस*या’ असं लिहा. तारांकनाने थोडी सैल तपासणी होते, पण बरोबर उत्तराला शून्य देण्यापेक्षा ती बरी. संख्यात्मक प्रश्नात उत्तर ‘२५’ असं देवनागरी आकड्यांत लिहिलं तर मूडल ती संख्या धरत नाही. प्रश्नातच ‘आकडे इंग्रजीत लिहा’ अशी सूचना घाला.

प्रमाणपत्रं. मूडलमधून पीडीएफ प्रमाणपत्र काढणारी प्लगिनं टीसीपीडीएफ या लायब्ररीवर चालतात, आणि तिला भारतीय लिप्यांची जोडणी येत नाही. ‘किरण’ मधली वेलांटी क च्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाते, ‘क्षितिज’ चा क्ष फुटून क्‌ आणि ष वेगळे होतात. फॉन्ट बदलून हे सुटत नाही, कितीही चांगला युनिकोड फॉन्ट घातला तरी. ठरलेला मराठी मजकूर दुसरीकडे तयार करून पार्श्वभूमीच्या चित्रात घ्या आणि मूडलकडून फक्त नाव आणि तारीख रोमन लिपीत छापून घ्या. नावही देवनागरीतच हवं असेल तर यादी काढून वर्ड प्रोसेसरच्या मेल मर्जने प्रमाणपत्रं करणं हाच खात्रीचा मार्ग.

जुना डेटाबेस तीन बाइटांच्या यूटीएफ-८ मध्ये असेल तर मराठी त्यात व्यवस्थित राहतं, कारण देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं. इमोजी चार बाइटांचं असतं. म्हणून मराठी नीट चाललंय म्हणजे सगळं नीट आहे असा समज होतो, आणि एखाद्या मुलाने उत्तरात इमोजी टाकलं की लिहिताना चूक येते. मूडलसोबत यासाठी बदल करून देणारी स्क्रिप्ट येते. अपग्रेडच्या आधी, बॅकअप घेऊन, ती चालवून घ्या.

मराठी भाषासंच आहे, पण अर्धवट. जिथे भाषांतर नाही तिथे इंग्रजी दिसतं, त्यामुळे एकाच पानावर दोन्ही भाषा येतात. मुलांना रोज दिसणारे वीसपंचवीस शब्द ‘लँग्वेज कस्टमायझेशन’ मधून विद्यापीठाने स्वतः भरले तर पान बरंच वाचनीय होतं. हे काम मराठी विभागाला सोबत घेऊन केलं तर शब्दही चांगले मिळतील.

परीक्षेची सकाळ

दहा वाजता चारशे मुलं एकदम ‘अटेम्प्ट क्विझ’ दाबतात तेव्हा सर्व्हर पडतो तो बहुधा दोन आकड्यांच्या न जुळण्यामुळे. मायएसक्यूएल मुळात १५१ जोडण्या देतं. पीएचपीच्या प्रक्रिया २०० ठेवल्या असतील तर १५२ वी मागणी ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणून परत येते. आधी मेमरीवरून प्रक्रिया ठरवा: १६ जीबीचा सर्व्हर, डेटाबेसला आणि बाकी कामांना ६ जीबी, उरलेल्या १० मध्ये प्रत्येकी शंभर एमबी धरून शंभरेक प्रक्रिया. मग डेटाबेसच्या जोडण्या त्याहून थोड्या जास्त ठेवा. सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) फाइलींवरून रेडिस या मेमरीतल्या साठ्यावर न्या. क्विझ मुळात मिनिटामिनिटाला उत्तरं आपोआप साठवतं. चारशे मुलं सतत लिहीत असतील तर सेकंदाला सहासात मागण्या नुसत्या त्याच्या झाल्या. दोन मिनिटं केलं तर निम्म्या होतात. तुकड्यांना पाच पाच मिनिटांच्या फरकाने सुरुवात द्या, सुरुवातीचा क्षणच सगळ्यात जड असतो.

सबमिशनच्या दिवशी अडतं ते फाइलच्या आकाराने. मुलं वहीचे फोटो जोडून २० एमबीची पीडीएफ करतात. तिला पाच दारांतून जावं लागतं: एनजिनएक्स हा वेब सर्व्हर (मुळात १ एमबी), पीएचपी (मुळात एका फाइलला २ आणि पूर्ण मागणीला ८ एमबी), मूडलची साइट मर्यादा, कोर्सची मर्यादा आणि त्या असाइनमेंटची. सगळ्यात लहान आकडा खरा ठरतो. प्राध्यापक असाइनमेंटमध्ये ५० एमबी करायला बघतात, यादीत तो आकडाच नसतो, कारण वरच्या कुठल्यातरी दाराने तो कापलेला असतो. वरून खाली तपासत या.

५.० आणि पुढे

एप्रिल २०२५ मध्ये ५.० आली, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ५.१. उशिरा सबमिशनला आपोआप गुण कापणं ५.० मध्ये आहे आणि ते अनेकांना हवं आहे. तरीही विद्यापीठाच्या मुख्य साइटसाठी आम्ही ती सुचवणार नाही. थीमखालचं बूटस्ट्रॅप बदललं, त्यामुळे जुन्या थीम पुन्हा मोडतात. प्रश्नपेढीची जागा बदलली, आणि साइट आणि विभाग पातळीवरचे सामाईक प्रश्न अपग्रेड संपल्यावर मागाहून, पार्श्वभूमीत हलवले जातात. ते काम पुरं व्हायच्या आत क्विझ उघडलं तर प्रश्न गायब वाटतात. अ‍ॅटो एडिटर आणि चॅट मूळ संचातून गेले, ओरॅकलचा आधार गेला. ५.१ मध्ये वेब सर्व्हरने कोडच्या आतल्या ‘पब्लिक’ फोल्डरकडे बघायला लागतं, म्हणजे सर्व्हरची मांडणीही बदलावी लागते. दीर्घ मुदतीची पुढची आवृत्ती ५.३, वेळापत्रकात ती ऑक्टोबर २०२६ ची आहे. ४.५ वर स्थिर बसून, ५.३ आल्यावर एक उन्हाळा तिच्या तालमीला देणं हे जास्त शहाणपणाचं.

गूगल क्लासरूम पुरेल का, असं बरेच जण विचारतात. साहित्य देणं आणि असाइनमेंट घेणं एवढंच असेल तर पुरेल. प्रश्नपेढी, आवृत्त्या आणि भूमिकांचे बारीक अधिकार हवे असतील तर नाही. शिवाय गूगलने विद्यापीठांची अमर्याद जागा काढून घेऊन पूर्ण संस्थेला मिळून १०० टीबी केली, तेव्हा वर्षानुवर्षांच्या व्याख्यानांचे व्हिडिओ तिथे ठेवलेल्यांना त्याचा हिशोब करावा लागला.

वेळ निवडताना दिवाळीच्या सुट्टीचा पहिला आठवडा किंवा मेचा दुसरा पंधरवडा बघा. एटीकेटीच्या परीक्षा कधी आहेत ते परीक्षा विभागाला विचारल्याशिवाय तारीख जाहीर करू नका. अपग्रेड झाल्यावर जुना सर्व्हर लगेच पुसू नका. नेटवर्कपासून तोडून, आतल्या जुन्या मूडलसकट, निकाल लागून पुनर्मूल्यांकनाची मुदत संपेपर्यंत तसाच ठेवा. गुणांबद्दल कुणी अर्ज केला तर तो प्रश्न मुलाला तेव्हा कसा दिसला होता, ते तिथेच दाखवता येतं.